कोल्ह्याच्या मुखवट्यामागचा वादक

२४ नोव्हेंबर १९९१ हा दिवस जगभरच्या रॉक संगीताच्या रसिकांच्या स्मरणात राहिला तो फ्रेडी मर्क्युरीच्या निधनामुळे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला आणि पुढे 'क्वीन'चा गायक म्हणून कीर्तीच्या शिखरावर गेलेला हा फारूख बलसारा त्या दिवशी लंडनमधील आपल्या घरी एड्सने गेला. आपल्याला हा आजार असल्याचे त्याने आदल्याच दिवशी जाहीर केले होते. त्यामुळे त्या बातमीने सारी वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणीचे पडदे व्यापून टाकले, यात नवल नव्हते. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये आणखी एका रॉक कलावंताचा मृत्यू झाला. वय अवघे ४१. 'किस' या जगप्रसिद्ध बँडचा तो ड्रमवादक होता आणि गेले नऊ महिने हृदयाच्या कर्करोगाशी झुंजत होता. मर्क्युरीच्या बातमीपुढे त्याची बातमी कुठल्या कुठे विरून गेली. एरिक कार हे त्याचे नाव. आणि तेही त्याचे जन्मनाव नव्हे.

त्याचे खरे नाव पॉल चार्ल्स कॅराव्हेलो. जन्म १२ जुलै १९५०, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. इटलीतून अमेरिकेत येऊन स्थिरावलेल्या घराण्यांपैकी त्याचे घर. घरात पैशाची सुबत्ता नव्हती आणि संगीताची परंपराही नव्हती. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स पहिल्यांदा अमेरिकेत आले आणि त्या देशातल्या पोरासोरांना गिटारचे नि ड्रमचे वेड लागले. पॉल तेव्हा साडेतेरा वर्षांचा होता. त्या पिढीतील बहुतेक मुले जॉन लेनन किंवा पॉल मॅकार्टनी होण्याची स्वप्ने पाहात. या मुलाची नजर मात्र मागे उंचावर बसलेल्या रिंगो स्टारवर खिळली. घरात ड्रम नव्हते. दूरध्वनीच्या जाडजूड डिरेक्टऱ्या समोर मांडायच्या, हातात पेन्सिली घ्यायच्या आणि बीटल्सची तबकडी लावून रिंगोच्या ठोक्याबरोबर ठोका मिळवत बसायचे, अशी त्याची पहिली तालीम होती. गुरूशिवाय, केवळ कानाने आणि नकलेने त्याने ताल आत्मसात केला.

त्याला दुसरे वेड चित्रकलेचे होते. व्यंगचित्रकार व्हावे या ओढीने त्याने मॅनहॅटनच्या हायस्कूल ऑफ आर्ट अँड डिझाइनमध्ये प्रवेश घेतला. तेथे पुढे तो छायाचित्रणाकडे वळला आणि १९६७ मध्ये शिक्षण पुरे करून बाहेर पडला. रेषेवरचे त्याचे प्रेम अखेरपर्यंत टिकले. 'रॉकहेड्स' नावाची एका काल्पनिक बँडची व्यंगचित्रमालिका त्याने पुढे मोठ्या हौसेने रेखाटली, तिच्यासाठी गाणीही रचली. ती दूरचित्रवाणीवर यावी ही त्याची इच्छा त्याच्या हयातीत पुरी झाली नाही.

शाळकरी वयापासूनच तो लहानसहान बँडमध्ये वाजवू लागला होता. १९७० च्या सुमारास तो 'सॉल्ट अँड पेपर' या बँडमध्ये दाखल झाला. या बँडमधील निम्मे वादक गोरे आणि निम्मे कृष्णवर्णीय होते, म्हणून हे मीठ-मिरीचे नाव. वर्णभेदाच्या दंगलींच्या आठवणी ताज्या असताना न्यूयॉर्क परिसरातल्या क्लबांतून अशा मिश्र बँडने रात्रीमागून रात्री वाजवणे ही काही मामुली गोष्ट नव्हती. लोकांच्या ओठांवर असलेली सर्व तऱ्हेची गाणी तेथे वाजवावी लागत. त्यामुळे पॉलचा हात सर्व चालींत फिरता झाला, आणि ड्रम वाजवता वाजवता गाण्याची सवयही जडली. १९७३ मध्ये या बँडने 'क्रिएशन' हे नाव घेतले.

त्यानंतर वर्षभरातच, ३० जून १९७४ च्या पहाटे, या तरुणांवर काळाने घाला घातला. न्यूयॉर्क राज्यातील पोर्ट चेस्टर येथे, कनेक्टिकटच्या सीमेवर 'गलिव्हर्स' नावाचा क्लब होता. तेथे 'क्रिएशन'चा कार्यक्रम रंगात आला असताना शेजारच्या बोलिंगच्या खेळघरातून आग पसरली. चोरीचा माग पुसण्यासाठी एका चोरट्याने ती लावली होती, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. नाचाची जागा खालच्या बाजूला. बघता बघता तिच्यात काळाकुट्ट धूर कोंडला. २४ जण मृत्युमुखी पडले आणि त्यांत बहुतांश तरुण होते. बँडचा मुख्य गायक आणि कीबोर्डवादकही त्या आगीतून परतले नाहीत. पॉल बाहेर पडला आणि बँडमधील गायिकेलाही वाचवल्याचे श्रेय त्याला दिले जाते.

उरलेल्यांनी बँड मोडला नाही. गेलेल्या सोबत्यांच्या जागी दुसरे घेतले आणि १९७९ पर्यंत 'क्रिएशन' वाजत राहिला. गेलेल्याच्या जागी दुसरा उभा राहतो आणि गाणे पुढे चालू राहते, हा या व्यवसायाचा निष्ठुर रिवाज पॉलने प्रथम येथे पाहिला. पुढे दोनदा त्याची गाठ याच रिवाजाशी पडायची होती. एकदा तो दुसऱ्याच्या जागेवर बसणार होता. आणि नंतर दुसरा त्याच्या.

तिशी जवळ आली तरी यश हाती लागेना. पोटासाठी तो स्वयंपाकघरातील शेगड्या आणि ओव्हन दुरुस्त करण्याचे काम करी. 'फ्लॅशर' नावाच्या एका नव्या बँडमध्ये तो वाजवत होता, पण तेथेही भविष्य दिसत नव्हते. आता संगीत सोडून एखादा स्थिर धंदा पाहावा, असे विचार त्याच्या मनात घोळू लागले होते. अशातच, १९८० च्या उन्हाळ्यात, एका सहकाऱ्याकडून त्याला कळले की 'किस'ला ड्रमवादक हवा आहे.

'किस' म्हणजे काय प्रकरण होते, हे आज नव्याने सांगायला हवे. १९७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या या बँडचे चारही सदस्य चेहरा पांढराफेक रंगवून, त्यावर काळ्या-चंदेरी आकृत्या काढून रंगमंचावर येत. जीन सिमन्स हा सैतान, पॉल स्टॅनली हा तारा, एस फ्रेली हा अंतराळवीर आणि ड्रमवादक पीटर क्रिस हा मांजर. तोंडातून आग ओकणे, धुराचे लोट, स्फोट असा सारा जत्रेचा थाट. समीक्षक नाके मुरडत आणि पोरे वेडी होत. या चौघांचे मूळ चेहरे कोणी पाहिलेले नव्हते आणि ते गूढ जपणे हा बँडच्या अर्थकारणाचा पायाच होता. पीटर क्रिस बाहेर पडल्यावर त्याच्या जागी कोणी नामांकित वादक घेतला असता तर मुखवट्याचे रहस्य क्षणात फुटले असते. त्यांना हवा होता तो उत्तम वाजवणारा, पण कोणालाही ठाऊक नसलेला माणूस. पॉल कॅराव्हेलोचे आजवरचे अपयशच येथे त्याची पात्रता ठरले.

अर्जांच्या ढिगात आपला कागद हरवू नये म्हणून त्याने तो भडक नारिंगी रंगाच्या फाइलमध्ये घालून पाठवला. चित्रकलेचे शिक्षण असे उपयोगी पडले. परीक्षेला जाताना वाढवलेली मिशी काढून टाकली. वाजवणे तर झालेच, शिवाय गाण्यांतल्या साथीच्या सुरावटीही त्याने घोटून नेल्या होत्या. परीक्षा आटोपल्यावर त्याने त्या तिघांच्या स्वाक्षऱ्या मागून घेतल्या. हे लोक आपल्याला पुन्हा भेटतील याची त्याला खात्री नव्हती. त्याची निवड झाली.

मग नव्या माणसाला नवे नाव शोधणे आले. कॅराव्हेलोचा 'कार' झाला आणि त्यापुढे कानाला बरे वाटेल असे 'एरिक' जोडले गेले. चेहऱ्याचा प्रश्न अधिक अवघड होता. प्रथम बहिरी ससाण्याचा वेष करून पाहिला. पण त्या पिवळ्या-नारिंगी पिसांत तो शिकारी पक्ष्यापेक्षा कोंबडीसारखाच अधिक दिसू लागला. अखेर कोल्ह्याची कल्पना पुढे आली. उंचीने ठेंगणा, अंगाने चपळ, दाट कुरळ्या केसांचा हा वादक कोल्ह्याच्या रूपात शोभून दिसला. २५ जुलै १९८० रोजी न्यूयॉर्कच्या पॅलेडियम सभागृहात तो प्रथमच 'किस'बरोबर रसिकांसमोर आला. काही आठवड्यांपूर्वी शेगड्या दुरुस्त करणारा हा माणूस त्या वर्षीच युरोप गाजवून नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाला पोचला. तेथे या बँडला मिळालेले स्वागत बीटल्सच्या दिवसांची आठवण करून देणारे होते.

मायदेशात मात्र 'किस'ची लोकप्रियता त्या काळात ओसरत चालली होती, आणि एरिकच्या वाट्याला आलेला पहिला अल्बम त्या घसरणीचा तळ ठरला. १९८१ चा 'म्युझिक फ्रॉम द एल्डर' ही एका पौराणिक थाटाच्या कथेभोवती गुंफलेली महत्त्वाकांक्षी रचना. धडाकेबाज वादनासाठी आणलेल्या ड्रमवादकाला येथे हात आखडून वाजवावे लागले. एका गाण्यासाठी तर त्याला बाजूला ठेवून दुसऱ्याकडून ड्रम वाजवून घेण्यात आले. अल्बम आपटला.

त्याच्या वादनाचे खरे रूप प्रकटले ते पुढच्या वर्षी, १९८२ च्या 'क्रीचर्स ऑफ द नाइट'मध्ये. पीटर क्रिसचा हात जाझच्या झोक्यात घडलेला होता. त्यात एक सैलसर डौल होता. एरिकचे दैवत होते 'लेड झेपलिन'चा जॉन बॉनहॅम. बॉनहॅमचा ठोका म्हणजे दगडी वाड्याच्या दारावर पडणारा घणाचा घाव. एरिकने तो भारदस्तपणा घेतला आणि त्याला दोन बास ड्रमची जोड दिली. पायाने वाजवायचा हा मोठा ड्रम सामान्यतः एकच असतो. दोन्ही पायांनी दोन ड्रम वाजवले की खालून एक अखंड गडगडाट उठतो आणि त्यावर हात मोकळे खेळू शकतात. हेवी मेटलच्या वेगवान शैलीत या तंत्राला विशेष स्थान आहे. एरिकने 'किस'च्या संगीताला ते दिले आणि बँडचा सारा पोतच बदलला. 'आय लव्ह इट लाउड' या गाण्यात तर ड्रमचा तो संथ, प्रचंड ठोका हेच गाण्याचे मुख्य आकर्षण आहे. गिटार जणू त्याच्या साथीला आहेत. या अल्बममधील 'आय स्टिल लव्ह यू' या गाण्यात त्याने बास गिटारही वाजवली. विक्री फारशी झाली नाही आणि त्यानंतरच्या अमेरिकेच्या दौऱ्यात सभागृहे अर्धी रिकामी असत. रणगाड्याच्या आकाराच्या भव्य रंगमंचावर, त्याच्या बुरुजात बसून, एरिक मोकळ्या खुर्च्यांसमोरही तितक्याच जोमाने वाजवत असे. जून १९८३ मध्ये ब्राझीलमध्ये चित्र पालटले. रिओच्या माराकाना मैदानावर लाखाच्या घरात गर्दी लोटली. मुखवट्यातल्या त्या पर्वाची ती अखेर होती.

१८ सप्टेंबर १९८३ रोजी एमटीव्ही वाहिनीवर 'किस'ने आपले उघडे चेहरे जगाला दाखवले. इतरांना ही मुक्तता वाटली असेल, पण एरिकची गोष्ट थोडी वेगळी होती. कोल्ह्याचा चेहरा ही या बँडमध्ये त्याची स्वतःची म्हणता येईल अशी एकमेव गोष्ट होती, आणि ती जेमतेम तीन वर्षे टिकली. नाव बँडसाठी घेतलेले, जागा क्रिसची. कराराने तो बँडचा भागीदार नव्हता, पगारी वादक होता. निर्णय सिमन्स आणि स्टॅनली घेत. पुढची आठ वर्षे तो नेकीने वाजवत राहिला. बँड पुन्हा यशस्वी झाला. 'ॲनिमलाइझ', 'असायलम', 'क्रेझी नाइट्स' असे अल्बम आले, दौरे झाले, पैसा आला. 'ऑल हेल्स ब्रेकिन लूझ'सारख्या एखाददुसऱ्या गाण्याच्या रचनेत त्याचे नाव झळकले. परंतु त्याने रचलेल्या बहुतेक गाण्यांना जागा मिळत नसे, आणि त्याचा आवाज भरदार असूनही गाण्याची संधी दुर्मीळ होती. ही खंत त्याला अखेरपर्यंत छळत राहिली, असे त्याच्या निकटवर्तीयांनी सांगितले आहे. १९८८ मध्ये त्याला एक गाणे स्वतंत्रपणे गायला मिळाले. ते होते 'बेथ', पीटर क्रिसची १९७६ मधील गाजलेली ओळख! येथेही वाट्याला आली ती दुसऱ्याची चप्पल. स्वतःच्या आवाजातले नवे गाणे 'किस'च्या अल्बमवर यायला १९८९ चा 'हॉट इन द शेड' उजाडावा लागला. 'लिटल सीझर' हे ते गाणे.

चाहत्यांशी मात्र तो कधी परका राहिला नाही. कार्यक्रमानंतर सभागृहाबाहेर तिष्ठत उभ्या असलेल्या मुलांशी तो तासन्‌तास बोलत असे, पत्रांना उत्तरे देत असे. डिरेक्टऱ्यांवर पेन्सिली बडवणारा मुलगा कसा असतो, हे त्याला सांगायला लागत नसावे.

९ नोव्हेंबर १९९० रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दौऱ्याची सांगता झाली. आपल्याच शहरातला हा कार्यक्रम 'किस'सोबतचा आपला शेवटचा ठरेल, याची त्याला पुसटशीही कल्पना नव्हती.

फेब्रुवारी १९९१ मध्ये त्याला फ्लूसारखा त्रास सुरू झाला. आरंभी किरकोळ वाटलेले दुखणे तपासण्यांनंतर भयंकर निघाले. त्याच्या हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात कर्करोगाची गाठ होती. हृदयाचा कर्करोग हा अत्यंत विरळा आजार. हृदयाच्या स्नायूपेशींचे विभाजन जन्मानंतर जवळजवळ थांबते आणि ज्या पेशी विभागतच नाहीत त्यांत कर्करोग सहसा मूळ धरत नाही, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. हा आजार लक्षात यायलाही उशीर लागतो, कारण धाप लागणे, थकवा, ताप ही लक्षणे कशाचीही असू शकतात. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया करून हृदयातील आणि फुप्फुसांतील गाठी काढण्यात आल्या. त्यानंतर केमोथेरपी सुरू झाली आणि त्याचे ते प्रसिद्ध घनदाट कुरळे केस गळून गेले.

नेमक्या याच काळात 'किस'कडे एका चित्रपटासाठी गाणे ध्वनिमुद्रित करण्याचे काम आले. 'गॉड गेव्ह रॉक अँड रोल टू यू'ची ती नवी आवृत्ती. एरिकला वाजवायचे होते. पण त्याची प्रकृती ते श्रम सोसणारी नव्हती. ड्रम वाजवायला एरिक सिंगर या तरुण वादकाला बोलावण्यात आले. त्याने १९८९ मध्ये पॉल स्टॅनलीच्या स्वतंत्र दौऱ्यात वाजवले होते. नियतीची थट्टा अशी की नव्याचे नावही एरिकच होते. एरिक कारने गाण्यातल्या सामूहिक स्वरांत आपला आवाज मिसळला. जुलैमध्ये त्या गाण्याचे चित्रीकरण झाले तेव्हा तो हट्टाने आला. डोक्यावर केसांचा टोप चढवून, शस्त्रक्रियेला तीन महिनेही नीट झालेले नसताना, तो ड्रममागे बसला आणि चित्रीकरणभर जोरकसपणे वाजवत राहिला. चित्रफितीत ड्रमवर हात चालताना दिसतात ते कारचे; कानावर पडतो तो ठोका सिंगरचा. सत्य ठाऊक असलेल्याला ती चित्रफीत पाहताना गलबलून येते.

बँडचे म्हणणे असे की त्याने आधी बरे व्हावे, कामाची चिंता सोडावी. हे म्हणणे व्यवहाराला धरून होते आणि कदाचित काळजीपोटीही असेल. एरिकला मात्र त्यात आपली जागा जात असल्याचे दिसत होते. ड्रम हेच ज्याच्या जगण्याचे कारण, त्याला विश्रांती घे म्हणणे हे औषध की शिक्षा, याचा विचार तेव्हा कोणी केला नाही. आपण त्याला समजून घेण्यात चुकलो, अशी कबुली पॉल स्टॅनलीने पुढे बऱ्याच वर्षांनी दिली. त्या अखेरच्या महिन्यांतला दुरावा मात्र भरून निघायचा राहिला. गिटारवादक ब्रूस क्यूलिक याच्याशी असलेली त्याची मैत्री तेवढी शेवटपर्यंत उबदार राहिली.

५ सप्टेंबर १९९१ रोजी एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात तो 'किस'च्या सहकाऱ्यांसह उपस्थित होता. लोकांनी त्याला पाहिले ते अखेरचेच. त्यानंतर थोड्याच दिवसांत रक्तवाहिनीच्या विकाराने त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. पाठोपाठ मेंदूत रक्तस्राव झाला आणि तो पुन्हा शुद्धीवर आला नाही. २४ नोव्हेंबरला सारे संपले. अमेरिकेतील एका बड्या संगीतविषयक नियतकालिकाने मर्क्युरीवर भरभरून लिहिले आणि एरिक कारच्या निधनाची दखलही घेतली नाही. 'किस'च्या सहकाऱ्यांनी त्याबद्दल संतप्त पत्र पाठवले. ब्रुकलिनचा हा मुलगा न्यूयॉर्क राज्यातील न्यूबर्ग येथील सीडर हिल दफनभूमीत विसावला.

१९९२ मध्ये 'किस'चा 'रिव्हेंज' हा अल्बम आला. त्यात ड्रम एरिक सिंगरचे असले, तरी शेवटचा तुकडा मुद्दाम राखून ठेवलेला होता. 'द एल्डर'च्या दिवसांत, दहा वर्षांपूर्वी, सहज ध्वनिमुद्रित करून बाजूला पडलेले एरिक कारचे वादन त्यात आहे. 'कार जॅम १९८१' असे त्याचे शीर्षक. त्याच्या स्वतःच्या गाण्यांचा 'रॉकोलॉजी' हा संग्रह क्यूलिकच्या खटपटीने १९९९ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, रसिकांपर्यंत पोचला. २०१४ मध्ये 'किस'ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मानाचे स्थान मिळाले, पण संस्थेने सन्मान दिला तो फक्त मूळ चौघांना. अकरा वर्षे ड्रम सांभाळणाऱ्या एरिक कारचे नाव त्या यादीत नव्हते.

तथापि एक गोष्ट राहून गेली. १९९६ मध्ये 'किस'ने पुन्हा चेहरे रंगवायला सुरुवात केली. नंतरच्या काळात क्रिस आणि फ्रेली पुन्हा बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या जागी आलेल्या वादकांनी त्यांचेच मुखवटे चढवले. ड्रमवर बसलेल्या एरिक सिंगरने मांजराचा चेहरा घेतला आणि डिसेंबर २०२३ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या निरोपाच्या कार्यक्रमापर्यंत तोच वागवला. कोल्ह्याचा चेहरा एरिक कारनंतर त्या बँडमध्ये कोणीही लावला नाही.